५०० ड्रोन छायाचित्रांची प्रक्रिया, टिनाचे घर आणि १,२०,००० रुपये: कोणता लॅपटॉप घ्यावा?

प्रश्न: शिवारनकाशा (घाटंजी तालुका, यवतमाळ)

नमस्कार मंडळी,

मी घाटंजी तालुक्यातल्या एका गावात राहते आणि पाणलोट विकासाच्या कामासाठी शिवाराचे नकाशे करून देते. नाल्याचे खोलीकरण कुठे करावे, सिमेंट बंधाऱ्यामागे पाणी कुठवर फुगेल, सलग समतल चर कोणत्या उतारावर खणावेत, हे ग्रामसभेत नुसत्या बोलण्याने पटत नाही. वरून घेतलेल्या चित्रात लोकांना आपलेच धुरे, आपली विहीर आणि आपला गोठा दिसला, की चर्चा पाच मिनिटांत मुद्द्यावर येते. ड्रोन आमचा सहकारी उडवतो आणि त्यानंतरचे संगणकावरचे सगळे काम माझ्याकडे असते.

एका शिवाराची साधारण ४५० ते ५५० छायाचित्रे येतात. प्रत्येक छायाचित्र २० मेगापिक्सेलचे, म्हणजे ८ ते ९ एमबीचे असते. ती वेबओडीएम या ड्रोनची छायाचित्रे जोडणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये टाकून ऑर्थोमोझेक, म्हणजे सगळी छायाचित्रे जोडलेला एकसंध नकाशा, आणि जमिनीच्या उंचसखलपणाचा नमुना तयार करायचा, मग क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये त्यावर समोच्च रेषा, ओहोळ आणि गटांच्या हद्दी चढवायच्या, असा कामाचा क्रम आहे. वर्षातून चार-पाच वेळा शेतकऱ्यांसाठी दहा-बारा मिनिटांची चित्रफीतही संपादित करावी लागते.

सध्याचा लॅपटॉप पाच वर्षांचा आहे, त्यात आय ५ प्रोसेसर आणि ८ जीबी रॅम आहे. १२० छायाचित्रांपर्यंत गेले तरी रात्रभर चालून पहाटे काम अर्धवट तुटलेले सापडते, आणि मे महिन्यात तर तो आपोआप बंदच पडतो. त्यामुळे मोठी कामे मी पेन ड्राइव्हवर नागपूरच्या एका ओळखीच्यांकडे पाठवते. नकाशा परत हातात यायला चार दिवस लागतात, आणि पावसाळ्याच्या तोंडावर ते चार दिवस फार मोलाचे असतात.

आता तीन वर्षांची बचत आणि बचत गटाचे थोडे कर्ज मिळून १,२०,००० रुपये जमले आहेत. ही रक्कम पुन्हा लवकर उभी होणार नाही, म्हणून निर्णय चुकू नये असे मनापासून वाटते. घर टिनाचे आहे, वातानुकूलन नाही, कूलर आहे. मे महिन्यात दुपारी खोलीत ४० अंशांच्या आसपास तापमान असते. वीज दिवसातून बऱ्याच वेळा जाते, घरी १५० अँपिअर-तासांच्या बॅटरीचा इन्व्हर्टर आहे. लॅपटॉप दुचाकीवरून गावोगावी न्यावा लागतो.

दुकानात गेले की सगळे गेमिंग लॅपटॉप दाखवतात आणि आय ७ घ्या, आय ९ घ्या असे सांगतात. माझ्या कामाला खरोखर काय लागते? पैसे रॅमवर घालावेत, प्रोसेसरवर घालावेत की ग्राफिक्स कार्डवर? आणि आमच्याकडच्या उन्हाळ्यात असे यंत्र टिकेल का?

उत्तर १: नकाशेवाला (वर्धा)

ताई, आपण काम इतके नेमके सांगितले आहे, की उत्तरही नेमके देता येईल. मी गेली सहा वर्षे हेच सॉफ्टवेअर वापरतो, त्यामुळे अनुभवाने सांगतो, की आपल्या कामात पहिला अडसर रॅमचा आहे आणि बाकी सर्व गोष्टी त्यानंतर येतात.

वेबओडीएमच्या मुळाशी असलेल्या ओपनड्रोनमॅपच्या (ओडीएम) दस्तऐवजात छायाचित्रांची संख्या आणि रॅम यांचे एक ढोबळ कोष्टक दिलेले आहे. त्यानुसार १६ जीबी रॅममध्ये सुमारे २५०, ३२ जीबीमध्ये सुमारे ५०० आणि ६४ जीबीमध्ये सुमारे १५०० छायाचित्रांचे काम होते. आपली संख्या ४५० ते ५५० आहे, म्हणजे ३२ जीबी ही आपली किमान गरज आहे आणि तिथेही आपण काठावरच असाल. दुकानात चांगल्या म्हणवल्या जाणाऱ्या बहुतेक लॅपटॉपमध्ये १६ जीबीच असते. रॅम अपुरी पडली तर प्रक्रिया सावकाश चालते असे नाही, ती मध्येच मारली जाते. पहाटे आपल्याला काम तुटलेले दिसते, त्याचे कारण बहुधा हेच आहे.

यात एक खाच आहे आणि तिने माझा एक आठवडा खाल्ला होता. विंडोजवर वेबओडीएम डॉकरमधून, म्हणजे सॉफ्टवेअर वेगळ्या कप्प्यात चालवणाऱ्या व्यवस्थेतून चालवले, तर त्यामागे डब्ल्यूएसएल नावाची लिनक्सची व्यवस्था काम करते आणि ती मूळ मांडणीत एकूण रॅमच्या निम्मीच स्वतःकडे घेते. ३२ जीबीचा लॅपटॉप घेऊनही प्रक्रियेच्या वाट्याला १६ जीबीच येते आणि माणूस यंत्राला दोष देत बसतो. डब्ल्यूएसएलच्या सेटिंग फाइलमध्ये ही मर्यादा २६ किंवा २८ जीबीपर्यंत वाढवून ठेवावी. संपूर्ण लिनक्सवर काम केले तर हा प्रश्नच येत नाही.

म्हणून लॅपटॉप पाहताना रॅम किती आहे यासोबत ती कशी बसवली आहे, हे अवश्य विचारा. काही पातळ लॅपटॉपमध्ये एलपीडीडीआर ५ प्रकारची रॅम मदरबोर्डवरच डाखलेली असते, ती कधीही वाढवता येत नाही. आपल्याला डीडीआर ५ रॅमच्या काड्या बसणारे दोन स्लॉट असलेला लॅपटॉप हवा. आज १६ जीबीच्या दोन काड्या घ्या आणि पुढे काम वाढले तर ३२ जीबीच्या दोन काड्या घालून ६४ करता येतील, एवढी सोय त्यात असू द्या. रॅम दोन स्लॉटमध्ये विभागलेली असली तर वेगही चांगला मिळतो, त्यामुळे ३२ जीबीची एकच काडी देऊ केली तर ती नाकारा. तीच गोष्ट एसएसडीची, म्हणजे फायली साठवण्याच्या डिस्कची. १ टीबी घ्या आणि दुसऱ्या एसएसडीसाठी रिकामा स्लॉट आहे का ते पाहा, कारण एका शिवाराच्या प्रक्रियेत मधल्या फायली मूळ छायाचित्रांच्या कितीतरी पट जागा घेतात आणि चार शिवारे साठली की डिस्क भरते.

आता प्रोसेसरविषयी. आय ५, आय ७, आय ९ या आकड्यांपेक्षा नावाच्या शेवटची अक्षरे अधिक बोलतात. यू अक्षराचे प्रोसेसर कमी वीज खाणारे असतात आणि ते आपल्या कामाचे नाहीत. एच म्हणजे साधारण ४५ वॉट आणि एचएक्स म्हणजे साधारण ५५ वॉट मूळ क्षमतेचे प्रोसेसर असतात. इंटेलच्या आय ७-१३६५०एचएक्समध्ये १४ कोअर (प्रत्यक्ष काम करणारे भाग) आणि २० थ्रेड (एकाच वेळी चालू शकणारी कामे) आहेत, एएमडीच्या रायझन ७ ७८४०एचएसमध्ये ८ कोअर आणि १६ थ्रेड आहेत. या दोन्हींपैकी कोणत्याही वर्गातला प्रोसेसर आपल्याला पुरेल. छायाचित्रे जुळवण्याच्या टप्प्यात सगळे कोअर राबतात, पण क्यूजीआयएसमधली बरीच कामे एकाच कोअरवर चालतात. त्यामुळे आय ९ साठी दिलेले जास्तीचे पैसे आपल्याला नकाशावर कुठेही दिसणार नाहीत.

ग्राफिक्स कार्डाबाबत सांगायचे, तर ते एनव्हिडियाचेच घ्या, कारण ओडीएममधले काही टप्पे क्यूडा या एनव्हिडियाच्या तंत्रावर वेग घेतात आणि ते तंत्र दुसऱ्या कंपनीच्या कार्डावर चालत नाही. याच कारणामुळे मॅकबुक अन्यथा उत्तम यंत्र असूनही मी आपल्याला सुचवणार नाही, शिवाय त्यात रॅमही नंतर वाढवता येत नाही. आरटीएक्स ४०५० मध्ये ६ जीबी आणि ४०६० मध्ये ८ जीबी ग्राफिक्स मेमरी असते. आपल्या कामाला पहिले पुरते. दुसरे रकमेत बसत असेल तर घ्या, पण त्यासाठी रॅम १६ जीबीवर आणू नका. एवढे एक माझे ऐकाच.

उत्तर २: हीटसिंक (हिंगणघाट)

वर्ध्याच्या सरांनी रॅमविषयी जे लिहिले आहे, त्यात मला काही भर घालायची नाही. मी लॅपटॉप दुरुस्तीचे काम करतो आणि दर एप्रिल-मेमध्ये माझ्या टेबलावर जे येते त्याच्या आधाराने आपल्या शेवटच्या प्रश्नाचे, म्हणजे उन्हाळ्यात टिकेल का याचे, उत्तर देतो. विदर्भात लॅपटॉप निवडताना हाच प्रश्न सर्वांत महत्त्वाचा असायला हवा आणि तो कोणी विचारतच नाही.

बहुतेक लॅपटॉपच्या माहितीपुस्तिकेत वापराचे कमाल तापमान ३५ अंश सेल्सिअस दिलेले असते. म्हणजे आपल्याकडे एप्रिलच्या सुरुवातीपासून मृग लागेपर्यंत दुपारचे प्रत्येक तास हे यंत्र कंपनीने आखलेल्या मर्यादेबाहेर काम करते. ते लगेच जळत नाही, पण स्वतःला वाचवण्यासाठी वेग उतरवते. याचा साधा हिशेब असा आहे. इंटेलच्या अशा प्रोसेसरची कमाल मर्यादा साधारण १०० अंश असते. पंखा आणि हीटसिंक (चिपची उष्णता ओढून घेणारी धातूची जाळी) किती उष्णता बाहेर टाकू शकतील, हे चिप आणि खोलीतली हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरते. खोली २५ अंशांवर असेल तर हा फरक ७५ अंशांचा मिळतो, खोली ४२ अंशांवर गेली की तो ५८ अंशांवर येतो. म्हणजे तोच लॅपटॉप, तोच पंखा, पण उष्णता फेकण्याची ताकद जवळजवळ पाव हिश्श्याने घटते. इंटरनेटवरच्या चाचण्या बहुधा वातानुकूलित खोल्यांतून होतात. त्यातले आकडे आपल्या मे महिन्याला लागू पडत नाहीत.

यावरून खरेदीसाठी एक गोष्ट निघते. पातळ आणि देखण्या अंगात बसवलेल्या जबर प्रोसेसरपेक्षा जाड, दोन पंख्यांच्या आणि मागून व बाजूने मोठ्या झरोक्यांच्या अंगातला मध्यम प्रोसेसर आपल्याकडे जास्त काम करून देतो. पातळ लॅपटॉप पहिली पाच मिनिटे वाघासारखा धावतो आणि पुढचे सात तास रखडतो, आणि ताईंचे काम तर त्या सात तासांचेच आहे. ग्राफिक्स कार्डाचेही असेच असते. आरटीएक्स ४०६० हे एकच नाव ३५ वॉटच्या कार्डालाही असते आणि ११५ वॉटच्या कार्डालाही असते. कागदावर दोघांचे नाव सारखे, पण कामात मोठे अंतर. दुकानदाराला हा वॉटचा आकडा विचारा. तो सांगू शकला नाही तर त्या मॉडेलच्या अधिकृत माहितीपत्रकात तो बघून घ्या.

गेमिंग म्हणून विकला जाणारा लॅपटॉप टाळू नका. त्यातले रंगीत दिवे आपल्या कामाचे नाहीत, पण थंड ठेवण्याची व्यवस्था त्याच वर्गात सर्वांत चांगली मिळते. वजन सव्वादोन ते अडीच किलो भरेल आणि चार्जरही विटेएवढा असेल, हे मात्र मान्य करूनच घ्यावे लागेल.

आता कूलरविषयी, कारण याबद्दल मला प्रत्येक जण विचारतो. आपली हवा कोरडी असते तोवर कूलर खोलीचे तापमान चांगले खाली आणतो आणि लॅपटॉपला त्याचा निश्चित फायदा होतो. पण लॅपटॉप कूलरच्या झोतासमोर कधीही ठेवू नका. वाळ्याच्या किंवा गवताच्या ताट्यांतून पाण्याचे बारीक थेंब उडतात, आपले पाणी क्षारांचे असते, आणि ते थेंब झरोक्यातून आत जाऊन वाळले की मदरबोर्डवर पांढरे डाग पडून सांधे गंजतात. कूलर खोलीच्या एका टोकाला, लॅपटॉप दुसऱ्या टोकाला आणि मधली खिडकी उघडी, अशी मांडणी करा. पाऊस सुरू झाला की हवेतच ओल येते आणि कूलरचा उपयोगही संपतो, तेव्हा तो बंदच ठेवा.

दुसरा शत्रू धूळ. आमच्या गावात दिवाळीपासून जिनिंग सुरू झाले, की कापसाचे तंतू हवेत असतात आणि ते हीटसिंकच्या जाळीवर गादीसारखे बसतात. मी उघडलेल्या अनेक लॅपटॉपमध्ये पंखा ठणठणीत आणि जाळी पूर्ण बंद, अशी अवस्था पाहिली आहे. वर्षातून दोनदा, एकदा होळीच्या आधी आणि एकदा दिवाळीच्या आधी, खालचे झाकण उघडून सफाई करून घ्या. दोन-अडीच वर्षांनी थर्मल पेस्ट, म्हणजे चिप आणि हीटसिंक यांच्यामधला लेप, बदला. गादीवर, खाटेवर किंवा मांडीवर ठेवून प्रक्रिया लावू नका. लाकडी पाटावर, मागची बाजू बोटभर उचलून ठेवला तरी फरक पडतो.

शिवारनकाशा

दोघांचेही मनापासून आभार. रॅमच्या त्या निम्म्या वाट्याची गोष्ट मला ठाऊकच नव्हती. आज सकाळी पाहिले, तर माझ्या ८ जीबीपैकी प्रक्रियेला ४ जीबीच मिळत होती. सेटिंग बदलून १२० छायाचित्रे पुन्हा लावली आहेत.

पेन ड्राइव्ह पाठवण्याऐवजी इंटरनेटवरून दूरच्या सर्व्हरवर प्रक्रिया करण्याचाही विचार केला होता. पण ५५० छायाचित्रांचे साधारण साडेचार-पाच जीबी होतात, आणि आमच्याकडे वर चढवण्याचा वेग २ एमबीपीएसच्या वर क्वचितच जातो. त्या वेगाने सलग पाच-साडेपाच तास लागतात आणि तेवढा वेळ सिग्नल टिकत नाही. त्यामुळे घरचेच यंत्र हवे, हे नक्की आहे.

उत्तर ३: मोझरीकर (अमरावती जिल्हा)

माझे मत थोडे वेगळे आहे आणि ते रागाने न घेता विचारात घ्यावे, ही विनंती. जड प्रक्रिया घरीच होणार असेल तर त्यासाठी लॅपटॉप घेणे हा पैशांचा चांगला उपयोग नाही. तेवढ्याच रकमेत डेस्कटॉप जुळवून घेतला तर ६४ जीबी रॅम, जास्त ताकदीचा प्रोसेसर आणि मोठ्या पंख्यांची मोकळी पेटी मिळते. उन्हाळ्यात तिची उष्णता काढणे कितीतरी सोपे असते, आणि एखादा भाग बिघडला तर तेवढाच बदलता येतो. ग्रामसभेत दाखवायला जुना लॅपटॉप पुरेसा आहे, कारण तयार नकाशा दाखवायला ताकद लागत नाही. मी स्वतः संत्र्याच्या बागांचे नकाशे अशाच पद्धतीने करतो.

उत्तर ४: वायरमनकाका (पुसद)

मोझरीकर भाऊंचे म्हणणे तांत्रिकदृष्ट्या योग्य आहे आणि ज्यांच्याकडे वीज स्थिर आहे त्यांनी तसेच करावे. माझे आयुष्य गावोगावच्या विजेच्या जोडण्यांत गेले, त्यामुळे मी फक्त त्या बाजूने लिहितो.

ताईंकडे वीज दिवसातून अनेकदा जाते. डेस्कटॉपला स्वतःची बॅटरी नसते. वीज गेल्यावर इन्व्हर्टर चालू होईपर्यंत जो क्षणभराचा खंड पडतो, तेवढ्यात तो बंद होतो आणि रात्री दहाला लावलेले काम दोन वाजता तुटते. त्याला वेगळा यूपीएस लागतो, आणि त्या यूपीएसच्या बॅटऱ्या आपल्या उष्णतेत दोन-तीन वर्षांत उतरतात. लॅपटॉपची बॅटरी हाच त्याचा यूपीएस असतो, त्याला तो खंड कळतही नाही.

आता इन्व्हर्टरचा हिशेब मांडू. १२ व्होल्टची १५० अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे कागदावर १८०० वॉट-तास. लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याच्या खाली नेली की तिचे आयुष्य भराभर घटते, म्हणून ९०० धरा. त्यातून इन्व्हर्टरमधली घट वजा केली की साधारण ७५० वॉट-तास हाती येतात. पूर्ण ताकदीने चालणारा लॅपटॉप १५० ते १८० वॉट घेतो, म्हणजे पंखा आणि दिवा बंद ठेवला तर चार-पाच तास निघतील. स्क्रीन धरून ४०० वॉट घेणाऱ्या डेस्कटॉपला तीच बॅटरी दोन तासांच्या आत आडवी करेल. घरात लेकरे-म्हातारी माणसे असतील तर मे महिन्याच्या रात्री पंखा बंद ठेवून नकाशा चालवणे कोणालाही जमणार नाही, हेही लक्षात घ्या.

एक गैरसमज दूर करतो. निव्वळ लॅपटॉपच्या बॅटरीवर हे काम होणार नाही. तिची क्षमता बहुधा ५० ते ९० वॉट-तासांची असते, आणि चार्जर काढला की प्रोसेसर व ग्राफिक्स कार्ड दोन्ही आपला वेग मुद्दाम उतरवतात. वीज जाऊन इन्व्हर्टर लागेपर्यंतचा आधार एवढाच तिचा उपयोग समजा.

कमी व्होल्टेजची मात्र चिंता करू नका. लॅपटॉपच्या चार्जरवर आत जाणारा दाब १०० ते २४० व्होल्ट असा छापलेला असतो, त्यामुळे संध्याकाळी गावात १७० व्होल्ट आले तरी तो बिनतक्रार चालतो. धोका उलट्या बाजूने आहे. वीज परत येताना येणारा झटका आणि न्यूट्रल सुटल्यावर वाढणारा दाब यांनी चार्जर जातात. चांगल्या प्रतीचा सर्ज प्रोटेक्टर बसवा, वादळवारा सुटला किंवा ढग गडगडू लागले की पिन काढून ठेवा, आणि घराची अर्थिंग तपासून घ्या. लॅपटॉपच्या धातूच्या अंगाला हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखे वाटले तर अर्थिंग नाही असे समजावे. मीठ-कोळसा घालून खड्डा पुन्हा भरायला फार खर्च येत नाही. तीन पिनांच्या चार्जरची तिसरी पिन कापून तो दोन पिनांच्या बोर्डात घालणारे महाभाग मी पाहिले आहेत, ते कृपया करू नये. इन्व्हर्टर साइन वेव्ह प्रकारचा आहे का, तेही एकदा बघा. स्क्वेअर वेव्हवर चार्जर गुणगुणतो आणि जास्त तापतो.

मोझरीकर

वायरमनकाका, इन्व्हर्टरचा हा हिशेब मी केलेला नव्हता. आमचे घर ज्या वाहिनीवर आहे तिथे वीज फारशी जात नाही, त्यामुळे माझा अनुभव ताईंना तसाच्या तसा लागू होत नाही, हे मान्य करतो. फक्त एक सुचवतो. काम तुटलेच तर वेबओडीएममध्ये ते पुन्हा पहिल्यापासून लावण्याची गरज नसते, ठरावीक टप्प्यापासून पुढे सुरू करता येते. आणि ५५० छायाचित्रे ३२ जीबीत बसली नाहीत तर शिवाराचे तुकडे करून प्रक्रिया करण्याचा आणि शेवटी ते जोडण्याचाही पर्याय त्यात आहे. बंधाऱ्याच्या आराखड्यासाठी पॉइंट क्लाउडचा, म्हणजे छायाचित्रांतून तयार होणाऱ्या त्रिमितीय बिंदूंच्या संचाचा, दर्जा एक पायरी खाली ठेवला तरी काम भागते.

हीटसिंक

आता खरेदीच्या वेळी काय करावे ते लिहितो. नागपूरला सीताबर्डीत जाणार असाल तर दुपारी जा, सोबत आपल्याच एखाद्या शिवाराची छायाचित्रे न्या आणि दुकानदाराला अर्धा तास यंत्रावर पूर्ण भार टाकू द्यायची विनंती करा. वेबओडीएम तिथे बसवणे जमले नाही तर सिनेबेंच ही मोफत चाचणी चालवा. ती प्रोसेसरला सलग दहा मिनिटे राबवते. ती पाठोपाठ दुसऱ्यांदा आणि तिसऱ्यांदा चालवा. पहिल्या आणि तिसऱ्या वेळच्या गुणांत थोडाच फरक पडला तर थंड करण्याची व्यवस्था चांगली आहे असे समजा. दुकानात वातानुकूलन असेल, म्हणजे तिथेच जो दमला तो आपल्या टिनाखाली काय करील, याचा अंदाज येतो. एचडब्ल्यूइन्फो हे सॉफ्टवेअर लावले तर तापमान आणि वॉट दोन्ही डोळ्यांसमोर दिसतात.

वॉरंटीबाबत घरी येऊन दुरुस्ती करणारी, म्हणजे ऑन-साइट, वॉरंटीच मागा आणि आपला पिन कोड सांगून तिथे माणूस येतो की नाही याची लेखी खात्री घ्या. शहरासाठी ऑन-साइट असलेली वॉरंटी खेड्यासाठी आपोआप लॅपटॉप नागपूरला पाठवण्याची ठरते, हे मी अनेकांच्या बाबतीत पाहिले आहे. दुचाकीवरून नेता, त्यामुळे पडझडीचे संरक्षण देणारी जादा वॉरंटीही पाहा. झाकण उघडून रॅम वाढवल्यास वॉरंटीवर काय परिणाम होतो, हेही आधीच विचारून ठेवा. शक्य तर ३२ जीबी दुकानातच बसवून, बिलावर लिहून घ्या.

वापरात आल्यावर दोन गोष्टी करा. लॅपटॉप बहुतेक वेळ चार्जरला लावलेलाच राहणार आहे, म्हणून कंपनीच्या सॉफ्टवेअरमधून चार्जिंगची मर्यादा ८० टक्क्यांवर ठेवा. उष्णता आणि शंभर टक्के चार्ज या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या की बॅटरी फुगते, आणि फुगलेली बॅटरी मी दर उन्हाळ्यात आठवड्याला एक तरी काढतो. दुसरे, मोठी प्रक्रिया रात्री दहानंतर लावा. भर दुपारी लावणे भाग पडले तर विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये प्रोसेसरची कमाल पातळी ९९ टक्के करा. एका टक्क्याने काय होणार असे वाटेल, पण त्याने टर्बोचा जादा वेग बंद होतो आणि तापमान लक्षणीय उतरते. काम लांबते, पण तुटत नाही.

उत्तर ५: चित्रफीतवाला (तुमसर)

संपादनाविषयी कोणी लिहिले नाही म्हणून थोडक्यात लिहितो. वर्षातून चार-पाच चित्रफितींसाठी वेगळा खर्च करू नका. वर सुचवलेले यंत्र त्याला भरपूर आहे. फक्त स्क्रीन घेताना १०० टक्के एसआरजीबी, म्हणजे त्या मानकातले सगळे रंग दाखवणारी, असलेलीच घ्या. ४५ टक्के एनटीएससी (रंगांचेच दुसरे मानक) असे लिहिलेल्या स्वस्त स्क्रीनवर पऱ्हाटीचा हिरवा आणि तुरीचा हिरवा सारखाच फिका दिसतो, आणि नकाशावरही पिकांचा फरक ओळखताना डोळे शिणतात.

शिवारनकाशा

सर्वांनी जो वेळ दिला, त्याबद्दल फार कृतज्ञ आहे. मोझरीकर दादा, तुकडे करून प्रक्रिया करण्याचा पर्याय मी आजच वाचून काढते. वायरमनकाका, माझ्या जुन्या लॅपटॉपला हात लावल्यावर मुंग्या येतात आणि आजवर मी ते यंत्राचेच लक्षण समजत होते. अर्थिंगचा खड्डा उद्याच उकरणार आहे.

मी असे ठरवले आहे: जाड अंगाचा, दोन पंख्यांचा लॅपटॉप, एच किंवा एचएक्स वर्गातला प्रोसेसर, १६ जीबीच्या दोन काड्या, १ टीबी एसएसडी आणि दुसरा स्लॉट रिकामा, आरटीएक्स ४०५०, आणि स्क्रीन १०० टक्के एसआरजीबीची. ४०६० साठी जे पैसे वाढवणार होते, ते तीन वर्षांच्या ऑन-साइट वॉरंटीवर आणि सर्ज प्रोटेक्टरवर घालणार आहे.

सेटिंग बदलून लावलेली १२० छायाचित्रे जुन्या लॅपटॉपवर आज पहाटे पहिल्यांदाच पूर्ण झाली. येत्या सोमवारी सकाळच्या एसटीने नागपूरला निघते आहे आणि आमच्याच शिवाराची २५० छायाचित्रे पेन ड्राइव्हवर घेतली आहेत. दुकानात तिन्ही वेळच्या चाचण्यांचे गुण आणि तापमान वहीत लिहून आणीन आणि मंगळवारी इथे टाकीन. खरेदी त्यानंतरच करणार आहे, तेव्हा आकड्यांत काही खटकले तर मला तेवढ्यात सांगावे.